डोळे मिटून पाहावी अशी बाग

बाग म्हटली की आपल्यापुढे प्रथम रंग उभे राहतात. हिरवळ, तांबड्या-पिवळ्या फुलांचे ताटवे, मध्यभागी कारंजे आणि कडेने बाके. बाग 'पाहायला' जायचे असते, अशीच आपली भाषा आहे. बाग ऐकायला चला, बागेला हात लावायला चला, असे कोणी म्हणत नाही. वास्तविक धम्मात आपण षडायतने शिकतो : डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन. माणसाला जग कळते ते या सहा दारांनी. आपल्या बहुतेक सार्वजनिक बागांनी मात्र एकच दार उघडे ठेवून बाकीच्या दारांना कडी घातली आहे.

आम्ही काही उद्यानतज्ज्ञ नाही. बँकेच्या काउंटरवर आकडेमोड करणाऱ्या माणसाने बागेवर लिहावे, याचे काहींना नवलही वाटेल. परंतु कान, नाक, त्वचा आणि पाय यांचा विचार करून बाग कशी आखतात, याविषयी जे वाचनात आले ते संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे, असे वाटले. कारण हा विषय केवळ हौसेचा नाही. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न त्यात आहे.

१. देखाव्याची बाग कोणाला वगळते?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. शिवाय मोतीबिंदू, मधुमेह किंवा वार्धक्य यांमुळे ज्यांची नजर हळूहळू मंद होत चालली आहे, अशी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांना बागेत नेऊन आपण काय करतो? बाकावर बसवतो आणि "बसा हं, आम्ही एक फेरी मारून येतो" असे सांगून निघून जातो. फुले दोरीच्या पलीकडे असतात. झाडापर्यंत हात पोहोचत नाही. 'फुलांना हात लावू नये', 'गवतावर चालू नये' या पाट्या तर सर्वत्र असतातच. रोपांचे रक्षण झाले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण संपूर्ण बागेत हात लावता येईल असे एकही झाड नसावे, ही रोपांची काळजी नव्हे. ती आखणीतील उणीव आहे.

नुकसान केवळ अंध व्यक्तींचेच होते असेही नाही. डोळस माणूससुद्धा अशा बागेतून चित्र पाहिल्यासारखा फिरतो आणि अर्ध्या तासात बाहेर पडतो. पुढे त्याला त्या बागेतले काय आठवते? बहुधा फारसे काही नाही. उलट लहानपणी पहाटे वेचलेल्या पारिजातकाचा ओला, गार स्पर्श आणि बोटांना लागलेला देठांचा केशरी रंग पन्नाशीतही विसरला जात नाही. ज्या ठिकाणी अनेक इंद्रिये एकदम जागी होतात, ते ठिकाण मनात घर करते.

२. ब्रुकलिनची सुगंध-बाग

या विचाराला सार्वजनिक बागेचे रूप देणारे एक महत्त्वाचे उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील वनस्पती उद्यानात १९५५ साली अ‍ॅलिस रेकनॅगेल आयरीज या उद्यानरचनाकार बाईंनी एक सुगंध-बाग आखली. अंध व्यक्तींसाठी खास आखलेली ही अमेरिकेतील पहिली बाग मानली जाते. तिची रचना विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक समजून घ्यावी, अशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या बागेतील वाफे जमिनीवर नाहीत. ते भिंत बांधून उंच केलेले आहेत. त्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाही हात रोपापर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट, झाडांची विभागणी रंगानुसार न करता इंद्रियांनुसार केली आहे. एका भागात स्पर्शासाठी लावलेली झाडे, दुसऱ्यात चुरडल्यावर वास देणाऱ्या पानांची झाडे, तिसऱ्यात सुगंधी फुले आणि चौथ्यात स्वयंपाकातील सुगंधी वनस्पती. झाडांची नावे ब्रेल लिपीतही दिली आहेत आणि पाने चोळून पाहावीत, असे तेथे मुद्दाम सुचवले जाते. आपल्याकडील पाटीच्या अगदी उलट!

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. या बागेत एक कारंजे आहे. त्याच्या आवाजाने मन शांत होते, आणि पाने चोळून झाल्यावर हात धुण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. एका पानाचा वास बोटांना चिकटून राहिला तर दुसऱ्या पानाचा वास नीट कळत नाही. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार ज्या आखणीत झाला, तिच्यामागे माणसाविषयीची खरी आस्था आहे, असे म्हणावे लागेल.

पुढे या कल्पनेवर टीकाही झाली. केवळ अंधांसाठी निराळी बाग काढली की त्यांना समाजापासून निराळे काढल्यासारखे होते, असे अंध व्यक्तींनीही सांगितले. हा आक्षेप रास्त आहे. वेगळे बसवणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आज 'अंधांची बाग' असे न म्हणता सर्वांसाठीच असलेली, सर्व इंद्रियांना जागे करणारी बाग आखण्याकडे कल आहे. आपल्या देशातही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना (२००२ ते २००७) राष्ट्रपती भवनाच्या आवारात स्पर्श-उद्यान तयार करण्यात आले.

३. दवाची वाट

ब्रुकलिनची बाग अलीकडची. परंतु डोळ्यांपलीकडच्या बागेची कला तिच्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती शिकण्यासाठी आपल्याला जपानकडे वळावे लागते. सोळाव्या शतकात तेथे चहापानाचा विधी विकसित झाला. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) हे त्यातील सर्वांत मोठे आचार्य. झेन बौद्ध परंपरेचा या विधीवर खोल ठसा आहे. चहाच्या छोट्याशा झोपडीकडे जाणारी जी बाग असते, तिला 'रोजी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ दवाने भिजलेली मोकळी जमीन. सद्धर्मपुंडरीक सूत्रात जळत्या घराचा दृष्टांत आहे. बापाच्या हाकेने मुले पेटलेल्या घरातून सुखरूप बाहेर येतात आणि मोकळ्या जागेवर बसतात. ती मोकळी जागा म्हणजे रोजी. चहाच्या बागेचे हे नाव तेथूनच घेतले, असे जाणकार सांगतात. बाहेरच्या धावपळीतून सुटून माणसाने येथे यावे, हा त्यामागचा भाव.

ही बाग फुलांनी सजवलेली नसते. रंगीत फुले तेथे कटाक्षाने टाळतात. मग तिच्यात असते तरी काय? पायाखाली अंतराअंतराने बसवलेले ओबडधोबड दगड असतात. त्यांवरून घाईने चालताच येत नाही. प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते, आणि पाऊल मंदावले की मनही मंदावते. पाहुणे येण्यापूर्वी यजमान वाटेवर पाणी शिंपडतो. आपल्याकडे सकाळी अंगणात सडा घालतात, तशीच ही रीत. दगड ओले, शेवाळ ओले, हवेत गारवा आणि ओल्या मातीचा वास. पाहुण्याने झोपडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याचे स्वागत झालेले असते.

वाटेत दगडाचे एक बुटके कुंड लागते. त्याला 'त्सुकुबाई' म्हणतात. खाली वाकणे या अर्थाचा तो शब्द आहे. पाहुणा कितीही मोठा असो, सरदार असो वा व्यापारी, हात धुण्यासाठी व चूळ भरण्यासाठी त्याला वाकावेच लागते. थंडीच्या दिवसांत विचारी यजमान शेजारी कोमट पाण्याची बादली ठेवतो. साकाई येथील एका बागेविषयी अशी कथा सांगितली जाते, की समोर समुद्र असूनही रिक्यूंनी झाडांचे कुंपण घालून तो झाकून टाकला. पाहुणा कुंडापाशी वाकला, ओंजळीत पाणी घेतले, की तेवढ्याच फटीतून त्याला समुद्र दिसे. हातातले पाणी आणि दूरचा सागर यांचे नाते असे स्पर्शातून सांगितले गेले.

कुंडातले सांडलेले पाणी गोट्यांमधून जमिनीत मुरते. तेथे काही बागांत एक गंमत करून ठेवलेली असते. तळाला भोक पाडलेले मोठे मातीचे मडके जमिनीत पालथे पुरतात. मडक्याखाली थोडे पाणी साचू देतात. वरच्या भोकातून थेंब त्या पाण्यात पडतो आणि पोकळ मडक्यात त्याचा नाद घुमतो. जपानच्या 'कोतो' या तंतुवाद्यासारखा तो वाटतो, म्हणून त्या रचनेला 'सुइकिनकुत्सु', म्हणजे पाण्याच्या वाद्याची गुहा, असे नाव पडले. वरून काहीच दिसत नाही. जो थांबतो आणि कान देतो त्यालाच ते संगीत लाभते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कला जवळजवळ विस्मरणात गेली होती. १९८० नंतर तिचे पुनरुज्जीवन झाले.

जपानने हा वारसा केवळ बागेपुरता ठेवला नाही. १९९६ साली तेथील सरकारच्या पर्यावरण विभागाने देशातील जतन करण्याजोगे १०० ध्वनी-परिसर निवडले, आणि २००१ साली त्याच धर्तीवर १०० गंध-परिसर निवडले. एखाद्या गावाचा आवाज किंवा वास हीसुद्धा त्या गावाची संपत्ती असते, ही जाणीव त्यामागे आहे.

४. पाणी : नाद आणि स्पर्श

वरील उदाहरणांत पाणी पुन्हा पुन्हा येते, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते योग्यच आहे. पाणी हे ऐकायचेही असते आणि हाताळायचेही. स्पेनमधील ग्रॅनडा येथे मुस्लिम राजवटीत उभारलेली जनरालिफे नावाची बाग आहे. तेथील एका जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पन्हळी कोरल्या आहेत आणि त्यांतून पाणी वाहते. जिना उतरताना हात कठड्यावर ठेवला की बोटांवरून गार पाणी धावते. जिना, आधार, गारवा आणि नाद ही चारही कामे एकाच रचनेत साधली आहेत.

आपल्या उपखंडातील मोगल बागांतही हे कौशल्य आढळते. श्रीनगरच्या निशात बागेत पाणी एका पातळीवरून खालच्या पातळीवर उतरते तेथे उतरता दगड बसवतात. त्याला 'चादर' म्हणतात. दगड गुळगुळीत असता तर पाणी मुकाट्याने घसरले असते. म्हणून त्यावर नक्षी कोरून खाचा पाडतात. पाणी त्या खाचांवर आपटून फेसाळते आणि खळखळते. म्हणजे तेथील नक्षी डोळ्यांइतकीच कानांसाठीही आहे.

आधुनिक काळातील उदाहरण हवे असेल तर क्रोएशिया देशातील झादर या बंदराचे घेता येईल. दुसऱ्या महायुद्धात या शहराची फार हानी झाली आणि नंतर तेथील किनारा साध्या काँक्रीटने बांधून काढला गेला. २००५ साली निकोला बाशिच या वास्तुविशारदाने तेथे सुमारे ७० मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या बांधल्या व त्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि पायऱ्यांतून सूर उमटतात. वादक कोणी नाही, वीज नाही. लोक संध्याकाळी पायऱ्यांवर बसून समुद्र ऐकतात. रुक्ष किनाऱ्याचे रूपांतर अशा रीतीने माणसे एकत्र येण्याच्या जागेत झाले.

५. बोटांना आणि पायांना कळणारी भाषा

स्पर्श हीसुद्धा एक भाषा आहे. आम्हा बँकेत काम करणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव आहे. नोटांची गड्डी मोजताना एखादी संशयास्पद नोट डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. १९९६ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर अंध व्यक्तींसाठी उठावाच्या खुणा दिल्या गेल्या. शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. नोट हातातून हातात फिरून झिजली की उठाव कमी होतो, हा भाग निराळा. पण डोळ्यांखेरीज बोटांनाही नोट वाचता यावी हे तत्त्व त्यात आहे. तेच तत्त्व बागेलाही लागू पडते.

पायांच्या बाबतीत जपानच्या सेइइची मियाके यांचे स्मरण करणे उचित होईल. त्यांनी १९६५ साली उंचवटे असलेली फरशी शोधून काढली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसवली गेली. लांब रेघा असल्या की 'पुढे चला', गोल उंचवटे असले की 'थांबा, सावध राहा'. रेल्वे फलाटावर किंवा मेट्रो स्थानकात दिसणाऱ्या पिवळ्या फरशा त्या याच. पुष्कळ लोक त्यांना शोभेच्या फरशा समजतात आणि त्यांवर सामान मांडून बसतात! विद्यार्थ्यांनी निदान ही माहिती घरोघर पोहोचवावी.

६. गंधाचे वेळापत्रक

गंधाचे एक वैशिष्ट्य असे, की तो वेळ सांगतो. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो. मोगरा उन्हाळ्याच्या संध्याकाळी भरात असतो. रातराणी अंधार पडल्यावर दरवळते. रात्री फुलणारी बरीच फुले पांढरी किंवा फिकट असतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या पतंगांना रंगापेक्षा गंध आणि फिकटपणा उपयोगी पडतो. बकुळीचे फूल तर वाळल्यावरही वास सोडत नाही.

पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्याचाही अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर व रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील कनौजचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' बनवत आले आहेत. शास्त्रज्ञांनी नाव दिले, कारागिरांनी तो बाटलीत भरला. दोघांचाही मान राखला पाहिजे.

७. आपल्या आवारात काय करता येईल?

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, हे सर्व राजेरजवाड्यांचे किंवा श्रीमंत देशांचे काम. आमचे तसे मत नाही. विहाराचे, शाळेचे किंवा समाजमंदिराचे छोटेसे आवार असले तरी पुढील गोष्टी थोड्या खर्चात करता येतील.

(१) प्रथम विचारा. परिसरातील अंध व्यक्ती, वृद्ध आणि गुडघेदुखीने त्रासलेल्या माताभगिनी यांना आखणीपूर्वी बोलवा. काठी कोठे अडते, पाय कोठे घसरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

(२) दोन वाफे उंच करा. विटांची सुमारे दोन ते अडीच फूट उंचीची भिंत बांधून त्यात माती भरावी. त्यात तुळस, सब्जा, गवती चहा, पानओवा, मरवा, दवणा ही पाने चोळल्यावर वास देणारी झाडे लावावीत. शेजारी हात धुण्यास नळ असावा.

(३) स्पर्शात विविधता ठेवा. पारिजातकाचे पान खरखरीत, केळीचे गुळगुळीत, पानफुटीचे जाड आणि रसदार. लाजाळूचे रोप तर मुलांचा मित्रच. मात्र हात लावायच्या जागी कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, निवडुंग मुळीच नकोत. पहिल्या दोन विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यांना अपाय करतो आणि निवडुंगाचे काटे सर्वांनाच ठाऊक आहेत.

(४) वाट बोलकी करा. मुख्य वाट सपाट आणि न घसरणारी असावी. वळण आले की थोडी जागा विटांची करावी, म्हणजे पायांना बदल कळतो. वाटेच्या कडेला दोन-तीन इंच उंचीची सलग कड असावी. काठीला तिचा आधार होतो. कठडा लोखंडी नळीचा केल्यास उन्हात चटके बसतात. लाकूड किंवा बांबू बरा. ब्रेल पाटीही सावलीत, हाताच्या उंचीवर आणि तिरपी लावावी.

(५) गंध एकमेकांत मिसळू देऊ नका. सोनचाफा एका कोपऱ्यात, मोगरा दुसऱ्या. मग वासावरूनच आपण कोठे आहोत ते कळते. रातराणीचा उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही, म्हणून ती खिडकीपासून दूर ठेवावी.

(६) वाऱ्याला आवाज द्या. पिंपळाचे पान लांब, बारीक देठावर असते, त्यामुळे अगदी मंद झुळुकीनेही ते हलते आणि सळसळते. संस्कृतात त्याला 'चलदल' म्हणतात ते यामुळेच. मात्र त्याची मुळे भिंती फोडतात. म्हणून पिंपळ इमारतीपासून दूर लावावा. जागा थोडी असेल तर बांबूचे बेट पुरे.

(७) पाणी असू द्या, पण साचू देऊ नका. उघडे भांडे ठेवल्यास आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे, नाहीतर डासांची पैदास होईल.

(८) सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे शांतता. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर (१९३३-२०२१) यांनी परिसरातील ध्वनींचा आयुष्यभर अभ्यास केला. आपण कोणते आवाज टिकवायचे आणि कोणते कमी करायचे, याचा समाजाने विचार करावा, असा त्यांचा आग्रह होता. बागेत ध्वनिक्षेपक लावला की पिंपळ, पाणी आणि पाखरे, सगळी मुकी होतात. दिवसातून निदान दोन तास तो बंद असावा.

बाग तयार झाली की तिची परीक्षाही सोपी आहे. विद्यार्थ्यांनी दोघादोघांची जोडी करावी. एकाने डोळ्यांना रुमाल बांधावा, दुसऱ्याने फक्त सोबत चालावे, बोलू नये. फाटकापासून बाकापर्यंत आणि बाकापासून नळापर्यंत त्याला आपले आपण जाता आले, वाटेत तीन झाडे ओळखता आली, तर बाग उत्तीर्ण. नाही आली, तर चूक रुमाल बांधलेल्याची नव्हे, बागेची आहे, एवढे ध्यानात ठेवून आखणी सुधारावी.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, हे त्याने मान्य केले. पण कायदा फाटकापर्यंत आणून सोडतो. फाटकाच्या आत गेल्यावर तेथे आपलेही काही आहे असे माणसाला वाटणे, हे काम आखणाऱ्याचे आणि सांभाळणाऱ्याचे असते. या पावसाळ्यात संस्थेच्या सभासदांनी एक वाफा जरी उंच बांधला आणि त्यावर 'हात लावून पाहा' अशी पाटी लावली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.